बाटलीतला आमरस आणि अंदाज

मराठी स्वयंपाकघरात वजनकाट्याला कधी फारसा मान नव्हता. मान आहे तो अंदाजाला. आमटीत मीठ किती, तर अंदाजानं. भाकरीच्या पिठात पाणी किती, तर पीठ मागेल तेवढं. साखरांब्याचा पाक झाला की नाही, हे अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये ताणलेली तार सांगते, आणि ती तार बघणारी बाई घड्याळाकडे ढुंकूनही पाहत नाही. या अंदाजाला नावं ठेवायचं कारण नाही. पाक जसा आटतो तशी त्यातली साखर दाट होते, चिकटपणा वाढतो आणि तार धरू लागते. म्हणजे बोटांच्या त्या चिमटीत साखरेचं प्रमाणच मोजलं जात असतं, फक्त आकडा न लिहिता. पण याच स्वयंपाकघरात एक काम असं आलं आहे की जिथे हा अंदाज कुचकामी ठरतो. ते म्हणजे फळ किंवा फळाचा रस बाटलीत भरून, उकळत्या पाण्यात ठेवून, झाकण घट्ट लावून वर्षभर टिकवणं. कोकणात मेअखेरीला आमरसाच्या बाटल्या अशा भरल्या जातात. माझं म्हणणं एवढंच आहे की हे काम घरी करण्यासारखं आहे, आजच्या बाजारात तर अधिकच; पण ते अंदाजानं करायचं असेल तर मुळीच करू नये.

आधी अंदाजाची बाजू नीट मांडायला हवी, कारण ती मजबूत आहे. फळं टिकवायच्या आपल्या जुन्या रीती म्हणजे उन्हात वाळवणं, मिठात घालणं आणि साखरेत किंवा गुळात मुरवणं. आंब्याची साठ, फणसपोळी, आमसुलं ही उन्हाची करणी; कैरीचं लोणचं, कोकमाचं आगळ ही मिठाची; मुरंबा, साखरांबा, गुळांबा, अमृत कोकम ही गोडाची. तिन्हींचं काम आतून एकच आहे. ऊन पाणी उडवून लावतं, मीठ आणि साखर पाणी आहे तिथेच बांधून ठेवतात, आणि बुरशीला किंवा जंतूला प्यायला पाणी उरत नाही. लोणच्याच्या बरणीला ओला हात लावायचा नाही, बरणी उन्हात कोरडी करून घ्यायची, तोंडाला दादरा बांधायचा, हे सगळे दंडक या एका गोष्टीभोवती फिरतात. मुख्य म्हणजे, या रीतींमध्ये बिघाड झाला तर तो लपत नाही. पाक कच्चा राहिला की मुरंब्यावर बुरशीचा पांढरा ठिपका येतो. साठ नीट वाळली नाही की दमट वास मारते. रस आंबला की फसफसतो आणि नाकाला झोंबतो. डोळे, नाक आणि जीभ एवढी तीन साधनं या कामाला पुरतात, आणि पिढ्यांचा अनुभव म्हणजे या साधनांना लागलेलं वळण. अंदाज तिथे खरा ठरतो, कारण जे बिघडतं ते दिसतं.

बाटलीतल्या रसाचा मामला वेगळा आहे. इथे पाणी काढून घेतलेलं नाही, बांधूनही ठेवलेलं नाही. रस रसच राहावा, साठ किंवा मुरंबा होऊ नये, हाच तर सगळा खटाटोप. म्हणून टिकवण्याचं ओझं दुसऱ्या दोन गोष्टींवर येतं. एक उष्णता, दुसरी आंबटपणा. साखर इथे चवीपुरती आणि रंगापुरती. फळाच्या फोडी साध्या पाण्यातही बाटलीबंद करता येतात. रीत अशी. पिकलेले आंबे धुऊन, कोय आणि साल काढून रस गाळून घ्यायचा. हापूस कापताना साका दिसला, गरात तो पांढुरका, रबरासारखा डाग असला, तर तेवढा भाग काढून टाकायचा. रस पातेल्यात तापवून गरम असतानाच गरम बाटल्यांत भरायचा, वर थोडी जागा मोकळी सोडून, कारण रस तापला की फुगतो आणि जागा नसेल तर झाकणाखालून बाहेर येतो. मोठ्या टोपाच्या तळाशी जाड फडकं घालून त्यावर बाटल्या उभ्या करायच्या. काच तापल्या धातूला टेकली तर तडकते. पाणी झाकणाच्या वर यायला हवं. मग उकळी, आणि उकळी फुटल्यापासून मिनिटं मोजायची. बाटली बाहेर काढून निवायला ठेवली की आतली वाफ आकसते, पत्र्याचं झाकण मधोमध खाली खेचलं जातं आणि टक् असा बारीक आवाज येतो. त्या आवाजानं माणूस निर्धास्त होतो, आणि माझ्या मते घोटाळ्याची सुरुवात तिथेच होते.

कारण झाकण खाली बसलं याचा अर्थ बाहेरची हवा आत जात नाही, एवढाच. आत जे आहे ते मेलं आहे, असा त्याचा अर्थ नाही. हा गैरसमज जुना आहे आणि त्याला मोठमोठी माणसंही बळी पडली आहेत. बाटलीत अन्न भरून उकळायची रीत ज्यानं बसवली तो निकोला आपेर हा फ्रान्समधला हलवाई. पाकाची तार बघण्यात ज्याची हयात गेली असा माणूस. १७९५च्या सुमाराला त्यानं शॅम्पेनच्या जाड काचेच्या बाटल्या घेऊन प्रयोग सुरू केले. बुचं तारेनं बांधायची, बाटल्या उकळत्या पाण्यात ठेवायच्या आणि कुठल्या पदार्थाला किती वेळ लागतो हे टिपून ठेवायचं. १८१० साली फ्रान्सच्या सरकारनं त्याला १२,००० फ्रँक दिले, ते रीत पुस्तकात छापून सर्वांना खुली करण्याच्या अटीवर. अन्न का टिकतं, हे आपेरला ठाऊक नव्हतं. गे-ल्युसॅकसारख्या रसायनशास्त्रज्ञानं त्या बाटल्या तपासल्या आणि निर्वाळा दिला की आतला प्राणवायू नाहीसा होतो म्हणून अन्न टिकतं. तो निर्वाळा चुकीचा होता. खरं कारण, म्हणजे उष्णतेनं जंतू मरतात हे, पाश्चरनं १८६०च्या दशकात दाखवलं, तोवर आपेरला जाऊन वीस वर्षं झाली होती. मला या गोष्टीत मौज वाटते ती अशी की चुकीच्या उपपत्तीवरही आपेरच्या बाटल्या टिकल्या, कारण त्यानं वेळ मोजला होता आणि तो कागदावर उतरवला होता. तार सोडून घड्याळाकडे वळलेला हा पहिला हलवाई असावा. आणि आपण आज काय करतो? पाश्चरनंतर दीडशेहून अधिक वर्षांनी, ‘हवा गेली म्हणजे माल टिकला’ हे गे-ल्युसॅकचं मत उराशी धरून टक् आवाजाची वाट बघतो.

हवा गेल्यानं उलट ज्याची सोय होते असा एक जंतू आहे, आणि सगळा प्रश्न त्याच्यापाशी येऊन थांबतो. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हे त्याचं नाव. तो मातीत सगळीकडे असतो. त्याची बीजं पाण्याच्या उकळीला दाद देत नाहीत. ती मारायला दाबाखाली १२१ अंश सेल्सिअसपर्यंत जावं लागतं. हवेत तो वाढत नाही, पण हवाबंद, ओल्या, फारशा आंबट नसलेल्या जागी बीजं रुजतात आणि विष तयार करतात. ते अंगात गेलं की पापण्या जड होतात, एकाचे दोन दिसू लागतात आणि लुळेपणा वरून खाली उतरत जातो. वास बदलेलच असं नाही, रंग बदलेलच असं नाही, चवही कळेल असं नाही. २०१५च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत ओहायो राज्यातल्या लँकेस्टर गावी चर्चच्या सहभोजनात बटाट्याचं सॅलड खाऊन २९ जण आजारी पडले, एक दगावला. बटाटे घरीच बाटलीबंद केलेले होते, आणि दाबाखाली न शिजवता नुसत्या उकळत्या पाण्यातून काढलेले होते. झाकणं घट्टच असणार.

आता कुणी म्हणेल, बटाट्याचं सांगून आंब्याला कशाला भिववता? हा आक्षेप रास्त आहे. फळं या बाबतीत मुळातच सुदैवी आहेत. आंबटपणा मोजायच्या पीएच पट्टीवर ४.६ हा आकडा महत्त्वाचा. त्याच्या खाली, म्हणजे त्याहून आंबट पदार्थात, ती बीजं असली तरी रुजत नाहीत. मग उरतात यीस्ट, बुरशी आणि किरकोळ जंतू, आणि त्यांना उकळतं पाणी पुरतं. म्हणूनच प्लम, आवळा, अननस, स्ट्रॉबेरी, कोकम यांना घरातला टोप चालतो आणि मटाराला चालत नाही. पण आंबा? कैरी या रेषेच्या फारच खाली असते, तिच्याबद्दल वादच नाही. आंबा जसजसा पिकतो तसतसं त्यातलं आम्ल उतरतं आणि साखर चढते. ज्याला आपण वाखाणतो, अढीत रंगलेला, देठाशी सुरकुतलेला, नावालाही आंबट न लागणारा आंबा, तो नेमका त्या रेषेच्या दिशेनं सरकलेला असतो. अमेरिकेत घरगुती बाटलीबंदीसाठी ज्या तपासलेल्या कृती प्रसिद्ध होतात त्यांत आंब्याची कृती आहे, पण ती कच्च्या आंब्याची. पिकलेल्या आंब्याचा आंबटपणा कमी असू शकतो म्हणून त्यासाठी शिफारस करत नाही, असं तिथे स्पष्ट म्हटलेलं आहे. टोमॅटोची अडचण अशीच होती. तो या रेषेवरच बसलेला, कधी अलीकडे कधी पलीकडे. त्यावर त्यांनी काढलेला तोडगा असा की टोमॅटो आंबट लागो वा न लागो, साधारण लिटरभराच्या बाटलीला अर्धा लहान चमचा सायट्रिक आम्ल घालायचंच. चव बघून नाही, मोजून. पिळलेलं ताजं लिंबूदेखील ते सुचवत नाहीत, कारण एक लिंबू दुसऱ्याइतकं आंबट असेल याची खात्री नाही. आमरसात आणखी एक मेख आहे. बाटलीतली भाजी निदान पानात येण्याआधी पुन्हा शिजते, आणि ते विष उकळीनं नष्ट होतं. आमरस कोणी उकळून खात नाही. बाटली उघडली, वाटीत ओतली, पुरी बुडवली.

‘आमच्याकडे कित्येक वर्षं भरतात, कुणाला कधी काही झालं नाही’ हे उत्तर मग हमखास येतं. ते खोटं नाही, पण ते जे सिद्ध करायला निघतं ते त्यानं सिद्ध होत नाही. एक तर हा अनुभव आपण समजतो तितका जुना नाही. पणजी-खापरपणजीचा अनुभव लोणच्याचा, साठेचा, मुरंब्याचा. घट्ट फिरकीच्या झाकणाच्या बाटल्या घरोघर झाल्या त्या अगदी अलीकडे. जुन्या बरणीच्या पुण्याईवर नव्या बाटलीनं मिरवू नये. दुसरं असं की हा रोग मुळात दुर्मीळ आहे. अमेरिकेत घरच्या बाटल्यांचं प्रमाण आपल्या कितीतरी पट, तरी तिथेही तो क्वचितच होतो, आणि होतो तो बहुतेक करून भाज्यांमुळे. पण दुर्मीळ संकटाबाबत एका घराचा अनुभव काहीच सांगू शकत नाही, हीच तर गोम आहे. मुरंब्याला बुरशी दर दोन-तीन वर्षांनी येते, त्यातून घर शिकतं. जे लाख बाटल्यांत एखाद्या वेळी घडतं त्यातून कोणतंच घर शिकणार नाही. ते शिकायला हजारो घरांच्या नोंदी एकत्र याव्या लागतात. कारखानदारही असेच शिकले. १९१९-२० मध्ये कॅलिफोर्नियाच्या डबाबंद ऑलिव्हमुळे अमेरिकेत माणसं दगावली, त्यानंतर कुठे डब्यांच्या उष्णतेचं आणि वेळेचं कोष्टक शास्त्रशुद्ध बसलं. मुरंब्यातून आणलेली आणखी एक सवय इथे बाधते, ती म्हणजे वरची बुरशी चमच्यानं काढून खालचं खाणं. बुरशी आम्ल खाते. ती जिथे वाढली तिथला आंबटपणा कमी झालेला असू शकतो, आणि रेषेखालचा रस रेषेवर जाऊ शकतो.

इतकी कटकट असेल तर फ्रीजर काय वाईट, असं विचारणारे आहेत, आणि त्यांना मी अर्ध्याहून अधिक होकार देईन. आंबट नसलेल्या हापूसचा रस ठेवायचा असेल, तर गोठवणं हाच शहाणपणा. थंडीनं जंतू मरत नाहीत, पण वाढतही नाहीत, आणि त्यात मोजायचं फारसं काही नाही. अडचण आहे ती कोकणातल्या पावसाळ्याची. मिरगाच्या वाऱ्यात तारेवर फांदी पडली की वीज कधी येईल हे कोणी सांगत नाही, आणि विरघळून पुन्हा गोठलेल्या रसाची हमी कोण घेणार? बाटली मात्र कपाटात उभी राहते, तिला वीज लागत नाही. विकतच्या डब्याचं म्हणाल, तर तो उत्तमच असतो. भारतीय आंब्याला अमेरिकेचा दरवाजा २००७ साली उघडला. त्याआधीची कित्येक वर्षं तिथल्या मराठी घरांत अक्षयतृतीयेचा आमरस ८५० ग्रॅमच्या डब्यातूनच निघत होता, आणि आजही बहुतेक घरांत तसाच निघतो. पण कारखान्याला हवा असतो एकसारखा माल. हंगामाच्या शेवटी आंबा ‘कॅनिंगला’ जातो तेव्हा तो डझनावर नव्हे, किलोवर जातो, आणि हजारो झाडांचा रस एकाच टाकीत उतरतो. यात जे कधीच बसत नाही ते म्हणजे रायवळ. कोयीपासून उगवलेलं झाड. प्रत्येक झाड स्वतंत्र, एकाचा आंबा शेपूसारखा वासाचा, दुसऱ्याचा नुसता धागा आणि मध, तिसरा बिटकीएवढा पण रसाला भरपूर. त्यांना वाडीबाहेर नाव नाही, पेटीत जागा नाही, मुंबईच्या बाजारात भाव नाही. पंधरा दिवसांत सगळा बहर झाडाखाली येतो, आणि पहिल्या पावसात कुजतो. हा रस टिकणार असेल तर तो घरच्याच बाटलीत. घरगुती बाटलीबंदीचं खरं समर्थन मला इथे दिसतं. पैसे वाचतात म्हणून नाही, कारण गॅस, बाटल्या आणि अख्खा दिवस यांचा हिशेब मांडला तर ते फारसे वाचतही नाहीत. आणि गंमत अशी की अंदाज सगळ्यात जास्त फसतो तो याच फळात. कलमी हापूस निदान एका वाणाचा; रायवळाच्या दोन झाडांचा आंबटपणा सारखा असण्याचं काही कारणच नाही. तेव्हा ज्या फळासाठी ही रीत करावी, त्याच फळाला पीएचची पट्टी आणि मोजलेलं आम्ल लागतं. (पिवळ्या रसात कागदी पट्टीचा रंग वाचणं त्रासाचं असतं, हे खरं, शंका राहिली तर तो रस सरळ आटवून साठेला लावावा.)

प्रिझर्व्हेटिव्ह टाकला की झालं, हा आणखी एक सोपा वाटणारा मार्ग. दुकानात पोटॅशियम मेटाबायसल्फाइट आणि सोडियम बेंझोएट दोन्ही मिळतात. पहिलं आंब्याला चालतं पण कोकम किंवा जांभळाचा रंग उडवतं, म्हणून तिथे दुसरं. पण दोन्हींचा जोर आम्ल असलेल्या रसातच चालतो, आणि दोन्हींचं प्रमाण किलोमागे एका ग्रॅमच्याही आत असतं. चिमूटभर म्हणजे किती, हे प्रत्येकाच्या चिमटीवर. म्हणजे इथेही काटा चुकत नाही.

राहिला तो आक्षेप जो बोलून दाखवला जात नाही पण मनात असतो. हाताची चव, बाईची नजर, घराण्याचा हातखंडा हे सगळं घड्याळाच्या आणि काट्याच्या स्वाधीन करायचं का? याचं उत्तर असं की हाताला काम उरतंच, आणि ते मोलाचं आहे. कुठलं झाड कधी उतरवायचं, कुठला आंबा अजून दोन दिवस अढीत ठेवायचा, धागेवाल्या रसात बिनधाग्याचा किती मिसळायचा, हे कुठलंही कोष्टक सांगणार नाही. पण उकळीची मिनिटं हाताला कळत नाहीत. कळावीत तरी कशी? रत्नागिरीला पाणी १०० अंशांना उकळतं, पुण्याला ९८च्या आसपास, आणि साडेतेराशे मीटरवरच्या महाबळेश्वरला ९५-९६ला. तिन्हीकडे बुडबुडे सारखेच दिसतात. स्ट्रॉबेरीची बाटली महाबळेश्वरला भरणाऱ्यानं किनाऱ्यावरच्या बहिणीची मिनिटं घेतली तर ती कमी पडतात. उंचीप्रमाणे वेळ वाढवावा लागतो. पातळ रस बाटलीत फिरतो आणि लवकर तापतो, दाट रस फिरत नाही, त्याच्या मधल्या भागाला उष्णता पोचायला कितीतरी जास्त वेळ लागतो. बाटली मोठी तर आणखी जास्त. हेही बाहेरून दिसत नाही. आणि हातखंड्याच्या या कौतुकाची एक बाजू आपण सहसा बघत नाही. जे ज्ञान एकाच बाईच्या बोटांत असतं ते काम त्या बाईलाच करावं लागतं. मेच्या उकाड्यात, चुलीसमोर, दरवर्षी. मिनिटं आणि ग्रॅम कागदावर आले की तोच टोप मुलगा, जावई किंवा सुट्टीला आलेला पुतण्याही सांभाळू शकतो. अंदाजाची थोरवी गाणारे बहुतेक वेळा जेवणाऱ्यांच्या पंगतीत बसलेले असतात, हे लक्षात ठेवलेलं बरं.

शेवटची आणि मोडायला सगळ्यांत अवघड सवय चाखण्याची. घरात कशाचाही संशय आला की आपण बोटावर घेऊन जिभेला लावतो. दुधापासून डाळीपर्यंत सगळ्याचा न्याय जिभेवर होतो, आणि अन्न टाकणं हे पाप असल्यानं तो न्याय बहुधा अन्नाच्या बाजूनंच लागतो. बाटलीच्या बाबतीत ही कचेरी बंद ठेवावी लागते. झाकण फुगलेलं, उघडताना फिस्स करून फेस आलेला, तोंडाशी रस पाझरून सुकलेला, यातलं काही दिसलं की बाटली न चाखता टाकायची, आणि गुरांना किंवा कोंबड्यांनाही घालायची नाही. पण खूण न दिसणाऱ्या बाटल्यांचं काय? त्यांच्यासाठी प्रत्येक बाटलीवर एक चिठ्ठी हवी. कुठल्या झाडाचा रस, कोणत्या तारखेला, आम्ल किती, उकळी फुटल्यावर किती मिनिटं. ज्या बाटलीवर हे लिहिलेलं नाही तीही टाकायच्या बाटल्यांतच गेली पाहिजे, मग आतला रस कितीही पिवळाधमक दिसो आणि भरणारी कितीही सुगरण असो.